गणपूर्तीच्या उदाहरणात तुमचं नाव

नामदेवकाका,

तुमच्या मयतीला गणपूर्ती झाली. मी मोजली.

मयतीला माणसं मोजू नयेत, कळतं मला. पण राहवलं नाही. ग्रामसभा खरी ठरायला शंभर मतदार लागतात, नाहीतर शंभरात पंधरा, जे कमी असेल ते. म्हणून शंभरावर थांबले. त्यानंतरही माणसं येतच होती. वावरातून थेट आलेली, पायांना काळी माती, डोक्याला दुपट्टा. कोणी सूचना लावली नव्हती, कोणी बोलवायला गेलं नव्हतं. तीस वर्षं तुम्ही ग्रामपंचायतीचे शिपाई म्हणून याच गल्ल्यांतून ‘सभेला या हो’ म्हणत फिरलात. तेव्हा न आलेलं सगळं गाव तुमचा आवाज बंद पडल्यावर आलं. मला रडू यायच्या आधी राग आला. तो अजून गेला नाही.

परवा बौद्ध रीतीनं तुमचा जलदानविधी झाला. त्यातही भाषणं झालीच. मनमिळाऊ, सेवाभावी, कर्तव्यदक्ष. तुम्ही असता तर तिन्ही शब्दांवर काट मारली असती. आपल्या पुस्तिकेचा नियमच होता ना, ज्या शब्दाला गावातलं उदाहरण नाही तो शब्द बाहेर. सरपंच ‘कर्तव्यदक्ष’ म्हणाले तेव्हा मी उठून उदाहरण मागणार होते. शांताकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बसून राहिले. नवऱ्याच्या फोटोसमोर त्या बाईला भांडण नको होतं, एवढं मलाही समजलं.

पण पान तेवीस अडकलंय, काका. लोहाऱ्याच्या छापखान्यातून रोज फोन येतो. मुलांसाठी आपण लिहिलेली ‘नागरिकाचे शब्द’ ही पुस्तिका छपाईसाठी पूर्ण लावून झाली आहे, तेवढं एक पान सोडून. शब्द: गणपूर्ती. व्याख्या तयार. उदाहरणाच्या जागी पांढरं. त्या जागेत तुमचं नाव घालायचं की नाही, यावरून तुम्ही गेल्यापासून मला चैन नाही. तुमचं म्हणणं मला माहीत आहे. काकूंचं म्हणणंही माहीत झालंय. ते उलटं आहे.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी यवतमाळला कॉलेजात होते, सुटीत घरी आले आणि पाहते तर शाळेच्या अर्ध्या मैदानावर दुकानांचे गाळे उभे राहत होते. ग्रामसभेचा ठराव आहे म्हणाले. कसली ग्रामसभा? मुद्दाम घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी ठेवलेली. नऊ माणसं बसली, आणि नंतर हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरवून शंभर सह्या पूर्ण केल्या. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. ‘घरपोच ग्रामसभेचा जाहीर निषेध’. गावाला सभेचं कळवलंच नाही, असं लिहिलं. शिपाई संध्याकाळी चोरासारखा दारोदार फिरला, असं लिहिलं. शेवटी ‘झोपलेल्या गावा, जागा हो’. पत्रकाचा शेवट असाच करायचा असतो असं मी शिकले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या अंगणात. हातात पंचायतीच्या भिंतीवरून काढायला लावलेलं माझंच पत्रक, फाडलेलं नाही, नीट घडी केलेलं. मी भांडायच्या तयारीत उभी राहिले. तुम्ही शांतपणे म्हणालात की चूक आहे यात, मी संध्याकाळी नाही फिरलो, सकाळी फिरलतो, सुधरा. मग घडी उघडून शेवटची ओळ दाखवली.

“तुया कागदात अख्खं गाव झोपेल असते, तूच एकटी जागी. तुले झोप येत नाही काय, बाई?”

आई आतून हसली. मग एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

त्यानंतर शाळेतली ती दुपार. आठवी-नववीच्या मुलांपुढे मला संविधानावर बोलायला बोलावलं होतं. मी चाळीस मिनिटं बोलले. सार्वभौम, उत्तरदायित्व, विकेंद्रीकरण. मुलं पाय हलवत बसली होती. शेवटी काही प्रश्न आहेत का, असं विचारलं तर कबड्डी खेळणारी एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, आमचं मैदान कोणी देलं? मी म्हटलं, व्यवस्थेनं. तिनं विचारलं, थे कोठी राह्यते?

वर्ग हसला. तुम्ही कसलं तरी परिपत्रक घेऊन दारात उभे होतात, तुम्हीही हसलात.  मग तुमचं हसणं थांबलं. तुम्ही आत आलात, चपला दाराबाहेर काढून. शाळेत कोणी चपला काढत नाही, तुम्ही काढल्या. आणि त्या पोरीला सांगितलंत:

“व्यवस्था कोठी राह्यते थे मले नाही मालूम. रजिस्टर माह्या काखेत होतं. मी नेलं घरोघरी. तुया घरीबी आणलतं.”

मुख्याध्यापक खोकले. पोरगी बसली. मला एवढंच सुचलं की माझं चाळीस मिनिटांचं भाषण या दोन-चार वाक्यांसमोर सांडून गेलं. बाहेर आल्यावर मी तुम्हाला म्हटलं, असं सगळ्यांसमोर कशाला बोललात, नोकरी जाईल. तुम्ही म्हणालात, तीन वर्षं राहिली रिटायर व्हाले, आता कायची जाते. आणि मग म्हणालात की लेकरांना हे शब्द कोणी सांगतलेच नाही, त्यांचं पुस्तक पाहून राह्यलो मी, त्यात ग्रामसभा आहे पण आपलं गाव नाही.

पुस्तिका तिथून सुरू झाली. माझ्या डोक्यात नव्हती, हे मी सगळीकडे सांगते. लोक मला लेखिका समजतात. समजू दे.

तुमच्या घरी, पंचायत सुटल्यावर, काकूंनी निवडायला घेतलेल्या तुरीच्या सुपाशेजारी आपण बसायचो. मी व्याख्या वाचायची, तुम्ही उदाहरण मागायचं. ‘हक्क’साठी मी कलमाचा आकडा सांगितला तर म्हणालात, हे उदाहरण नाही, हा पत्ता हाय. मग तुम्हीच दिलंत: रेशनवाल्यानं ‘उद्या ये’ म्हटलं तर दुकानासमोर तिथंच बसून राहता येते, थो हक्क. ‘नियम’ आणि ‘कायदा’ यांतला फरक सांगताना तुमचं उदाहरण होतं की नियम मोडला का सर मारते, कायदा मोडला का वकील लागते. मी ओरडलेच तुमच्यावर. मुलांना मारणं हेच कायद्याच्या विरोधात आहे, काका! तुम्ही तुमची ओळ खोडलीत. मग म्हणालात, मंग तेच लिही. ते पान अकरावर आहे. मुख्याध्यापकांनी त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलंय. राहील ते पान.

‘प्रतिनिधी’वर आपण तीन दिवस भांडलो. ‘भेदभाव’ला तुम्ही उदाहरण दिलंच नाहीत. वही माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, हे तू लिही, तुया लोकायले इचारून. मी लिहिलं, दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा लिहिलं. तुम्ही वाचलं आणि पुढचा शब्द घेतलात. ते पास झालं की नाही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

आणि मग गणपूर्ती. मी लिहिलं होतं: ‘एका गावात प्रशासनाने घरोघर जाऊन सह्या घेतल्या.’ तुम्ही पेन्सिल घेतली आणि ‘प्रशासनाने’ खोडलं. शिपाई नामदेव यांनी, असं लिही म्हणालात. मी नाही म्हटलं. मला तेव्हा तुमची काळजी होती, आणि खरं सांगते, तुमचं नाव घातलं तर सरपंच निसटतील ही भीती जास्त होती. पत्रकात मोठा मासा धरायचा असतो. तुम्ही पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवून ठेवलंत.

“सरपंचाचंबी लिही. पण प्रशासन कोणाच्या घरी चालत येते काय? मी चालत गेलो. माहं नाव नाही लिहिलं त लेकरायले वाटन का कोणी गेलंच नव्हतं.”

नाव घालायचं तर ज्याचं त्याला विचारून, हा नियम आपण त्याच दिवशी ठरवला. तुमचं तुम्ही दिलंत. सरपंचांचं नाव ठरावावर छापलेलंच आहे, पण ते विचारायलाही तुम्हीच गेलात. त्यांनी तुम्हाला पंधरा मिनिटं उभं ठेवलं आणि नाही म्हणाले. म्हणून आपण फक्त ‘सरपंच’ असं पद लिहिलं. मी चिडले. तुम्ही म्हणालात, नियम आपणच केला ना.

मग चार महिन्यांपूर्वी माहितीच्या अधिकारात मागितलेली हजेरीची प्रत आली. मी यवतमाळच्या बसस्टँडवरच पाकीट फोडलं. एकसष्टाव्या ओळीवर माझं नाव होतं. माझी सही. मी त्या दिवशी गावात नव्हतेच. सहीतला ‘म’ आईच्या वळणाचा होता.

तुमच्या घरी मी कशी आले होते ते काकूंना अजून आठवतं. चप्पल न काढता. तुम्हाला माहीत होतं, काका. दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून शब्दांना उदाहरणं मागत होतात आणि सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या खिशात होतं. मी तुम्हाला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. ‘साक्षीदार’ या शब्दाखाली तुमचाच फोटो लावते, असंही म्हटलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग सांगितलंत की त्या सकाळी आईनं स्वतःची सही केली आणि विचारलं, पोरगी यवतमाळले हाय, तिची बी करून टाकू काय, तेवढंच तुमचं काम कमी होईन. आणि तुम्ही म्हणालात, करा.

एवढंच. कोणी धमकावलं नाही, कोणी पैसे दिले नाहीत. आईला वाटलं शिपायाला मदत होते. तुम्हाला वाटलं बाईचं मन कायले मोडा. असं गेलं मैदान. माझ्या सगळ्या पत्रकांत कटकारस्थान हा शब्द आहे, आणि इथं नुसता शेजारधर्म निघाला. मला तो कटापेक्षा जास्त भयंकर वाटतो.

मी म्हटलं, मग हे लिहिणार. आईचं नाव घालून लिहिणार. तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला.

“तुया मायचं नाव मी देणार नाही. तिले तू इचार. तहसीलदाराले भेत नाही ना तू, मंग मायले कायची भेतं?”

मी विचारलं नाही. तुम्ही जिवंत होतात तोवर चार महिने विचारलं नाही. तहसीलदारांच्या टेबलावर मी मूठ आपटलेली आहे. घरी आई भाकरी थापत असते आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन परत ओसरीवर येते. तुम्ही भेटलात की भुवया वर करायचात, मी मान हलवायची. आपल्या शेवटच्या भेटीतही तेवढंच झालं. पंचायतीच्या पायरीवर तुम्ही भोंग्याची बॅटरी बदलत होतात, मी गाडीवर होते, थांबले नाही. भुवया, मान, संपलं. शेवटची भेट आहे हे कळायची काही सोय असती तर मी गाडी बंद केली असती.

तुम्ही गेल्यानंतर आठवड्यानं शांताकाकू घरी आल्या. आमच्या घरी त्या अंगणातच उभ्या राहतात. मी ‘आत या’ म्हटलं, आईही म्हणाली, त्या आल्या नाहीत. पुस्तिकेतून यांचं नाव काढ म्हणाल्या. मी सांगितलं की काकांनीच घालायला लावलं होतं. त्या म्हणाल्या, मले मालूम हाय, माह्या समोरच बोलले. पण जिते होते तवा सांगाले होते का मी काहून केलं. आता नुसतं नाव राहीन. उद्या पोट्टे वाचतीन का नामदेवानं खोट्या सह्या घेतल्या. गावानं आयुष्यभर चपराशी म्हटलं, आता मेल्यावर चोर म्हणन.

  तुमची संमती माझ्याकडे आहे, काका, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरात. पण मेलेल्या माणसाच्या संमतीवर जिवंत बाईला गावात मान खाली घालायला लावायची? ‘संमती’ पान सव्वीसवर आहे. आपण लिहिलं त्यात हा प्रश्न नाही. आपल्याला सुचलाच नव्हता.

त्या रात्री मी आईला विचारलं. पाठीमागून विचारलं, ती चुलीकडे तोंड करून होती. एकसष्टावी सही तू केली का. ती म्हणाली हो. पुस्तिकेत लिहू का. ती म्हणाली नाही. मग म्हणाली की तुझे वडील अजून त्याच लोकांत उठतात-बसतात. मी एवढं मोठं भाषण तयार ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर वापरता आलं नाही. नियम आपला होता. तिनं नाही म्हटलं, संपलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तुमचा नियम मला पटत नाही, हे लेखी नोंदवते. पाळते आहे.

पण सही माझ्या नावाची आहे. माझं नाव द्यायला मला कोणाला विचारायचं नाही. काल मी उदाहरण नव्यानं लिहिलं, माझं नाव घालून, तुमचंही ठेवून, आणि काकूंकडे घेऊन गेले. चप्पल काढून आत बसले. त्या म्हणाल्या वाच. मी वाचलं: बाजाराच्या दिवशी सभा, नऊ माणसं, सरपंचांच्या सांगण्यावरून नामदेव यांनी रजिस्टर घरोघर नेलं, शंभर सह्या, त्यांतली एकसष्टावी या पुस्तिका लिहिणारीच्या नावाची, ती गावात नव्हती, मैदान गेलं.

काकू पदराचा काठ बोटांत फिरवू लागल्या. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मी मनात ‘बरं’ म्हणून तयार होते.

“तीन दिवस हाका मारल्या त्यायनं. सकाळ-संध्याकाळ. थे कोठी हाय याच्यात?”

नव्हतं. माझ्या पत्रकात तर उलटंच होतं, गावाला कळवलंच नाही म्हणून. मी यवतमाळला होते, मला कोणीतरी सांगितलं, मी छापलं. तुम्ही ते पत्रक हातात घेऊन माझ्या अंगणात आलात, रजिस्टर सकाळी फिरलं की संध्याकाळी एवढीच चूक दाखवलीत आणि ही सोडून दिलीत. ती दाखवली असती तर सगळं गाव उघडं पडलं असतं. आमच्या ओसरीवर बसून हाक ऐकलेला माझा बापही. कोणाला वाचवत होतात तुम्ही? ज्यांनी ऐकलं आणि बाजाराला गेले त्यांना? मला हे कळत नाही. मला हे आवडतही नाही. ती सगळी माणसं परवा तुमच्या फोटोला फुलं वाहून गेली.

मी तिथंच वाक्य घातलं: नामदेव यांनी तीन दिवस सभेची दवंडी दिली. सगळ्यांनी ऐकली. काकूंना परत वाचून दाखवलं. त्यांनी ‘सगळ्यांनी ऐकली’ हे परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, आता राहू दे त्यायचं नाव. छाप.

मी उठले, दारापर्यंत आले, तेव्हा त्या सुपातल्या तुरीकडे पाहतच बोलल्या, मला सांगितल्यासारखं नाही, उगाच बोलल्यासारखं. म्हणाल्या, आमच्या घरी नाही आणलं त्यायनं थे रजिस्टर. मीच इचारलतं, माही सही नाही घेत काय. त म्हणे, तू नको.

घरी येऊन मी प्रत काढली. एकेका नावावर बोट ठेवून वाचत गेले. आमचं घर आहे, सरपंचांचं आहे, त्या कबड्डीवाल्या पोरीच्या बापाचा अंगठा आहे. शंभर ओळींत काकूंचं नाव नाही. तुमचंही नाही. मतदार होतात तुम्ही, पेन तुमच्याच हातात होता, आणि शंभरावी सही मिळवायला गावाच्या पार शेवटच्या घरापर्यंत चालत गेलात.

छापखान्याला कळवलं आहे. पान तेवीसवर तुमचं नाव जाईल. रजिस्टरात ते नाही, हे मी तिथं लिहिलेलं नाही. ते तुमच्याकडून ऐकायचं होतं मला, काका, त्या सुपाशेजारी बसून, आणि ऐकल्यावर तुमच्याशी भांडायचं होतं की एवढं कळत होतं तर रजिस्टर उचललंत कशाला.